दोन राज्यांचं एकमत, आणि निपाणीच्या लॉजवरचा वैद्य

गेल्या महिन्यात निपाणीला ताईकडे गेलो होतो. साखळीहून चोर्ला घाटाने बेळगाव, तिथून पुढे संकेश्वरमार्गे निपाणी. बेळगावला गाडी बदलताना स्टॅंडच्या भिंतीवर नेहमीचे कागद चिकटवलेले दिसले. 'गुप्तरोग, शीघ्रपतन, धातू जाणे, निराश होऊ नका. दर महिन्याच्या अमुक तारखेला तमुक लॉजवर भेटा.' वर कन्नड, खाली मराठी. ज्या गावात दुकानाच्या पाट्यांवरून दगड उचलले जातात तिथे हा एकच कागद दोन्ही भाषांत सुखाने नांदतो आहे. तो कुणी फाडत नाही, त्याला काळंही फासत नाही.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर भाचा गच्चीवर आला. वय सत्तावीस, डिप्लोमा झालेला, कागलच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी, वैशाखात लग्न ठरलेलं. बराच वेळ तंबाखूच्या भावावर बोलला. मग म्हणाला, "मामा, एक इचारायचं हुतं. आईला बोलू नगा."

त्याने त्या लॉजवरच्या वैद्याला नऊ हजार रुपये दिले होते. आणखी सहा द्यायचे होते. लहानपणच्या 'वाईट सवयी'मुळे धातू पातळ झालाय, लग्नानंतर फजिती होईल, असं त्याला सांगितलं होतं. एक थेंब वीर्य म्हणजे चाळीस थेंब रक्त, हा हिशेबही त्याला तोंडपाठ! शिकलेला मुलगा हो. मशीनचं ड्रॉइंग वाचतो. स्वतःच्या शरीराचं ड्रॉइंग मात्र त्याला कुणी दाखवलेलं नाही.

मी त्याला विचारलं, "आणि तिचं काय?" तर म्हणाला, "तिचं कसलं?"

त्या दोन शब्दांनी मला झोप आली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आधी कारकुनी मुद्दा, कारण सरकारी कागदांतच माझी वीस वर्षं गेली. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा नावाचा १९५४ चा एक कायदा आहे. लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याची किंवा वाढवण्याची जाहिरात करायला त्यात स्पष्ट मनाई आहे. म्हणजे बेळगावच्या भिंतीवरचा प्रत्येक कागद गुन्हा आहे. त्याबद्दल कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मोर्चे कशासाठी निघाले? २००७ साली शाळांतून किशोरवयीन शिक्षण सुरू होणार म्हटल्यावर महाराष्ट्रात विधानसभा पेटली आणि ते बंद झालं. त्याच वर्षी कर्नाटकानेही ते थांबवलं. वाचकहो, १९५६ पासून या दोन राज्यांचं बेळगाव-निपाणीवरून भांडण आहे. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा पडून आहे. पण 'पोरांना शरीराबद्दल काही सांगायचं नाही' यावर दोघांचं एका वर्षात एकमत! (आम्ही गोव्यातल्यांनी फार हसू नये. आमच्या घरांतूनही हा विषय कार्निव्हालच्या विनोदापलीकडे जात नाही.)

कारण काय दिलं? संस्कृती. आता संस्कृतीचंच बोलायचं तर कामसूत्राचा दुसरा भाग उघडून बघा. स्त्रीला पुरुषासारखं सुख मिळतं की नाही यावर तिथे चक्क वाद घातलेला आहे. औद्दालकी म्हणतो तसं मिळत नाही. बाभ्रव्याचे अनुयायी म्हणतात तिला ते सुरुवातीपासूनच मिळत राहतं. वात्स्यायन दोघांचं ऐकून घेतो आणि सुख दोघांनाही सारखंच असतं असं मत देतो. म्हणजे दीड-पावणेदोन हजार वर्षांपूर्वी माझ्या भाच्याच्या 'तिचं कसलं?' या प्रश्नावर पंडित भांडत होते. आणि आपण? आपण कादंबरीच्या मुखपृष्ठावरून भांडतो.

बरं, ते फार जुनं झालं म्हणाल तर रघुनाथ धोंडो कर्वे घ्या. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपलं केंद्र काढलं तेही त्याच वर्षी. या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत पदरमोड करून चालवलं. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, हे त्यांनी मराठीत, साध्या भाषेत, न लाजता लिहिलं. १९३१ मध्ये एकदा शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून पुन्हा खटला! तेव्हा वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लिखाण अश्लील ठरत नाही, लोक प्रश्न विचारतात तर जाणत्याने उत्तर द्यायला हवं, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, आणि हेच बाबासाहेब एप्रिल १९२५ मध्ये बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून निपाणीला येऊन गेले होते. निपाणीत त्यांची जयंती दणक्यात होते. हा खटला त्या दिवशी कुणी आठवतं का, विचारून बघा.

असो. भाच्याला गच्चीवर जे सांगितलं ते इथेही सांगतो.

वीर्य रक्तापासून आटवून होत नाही. ते बहुतांशी वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो, एका वेळी चमचाभर निघतो आणि शरीर ते सतत तयार करत असतं. हस्तमैथुनाने ते पातळही होत नाही आणि संपतही नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने अमेरिकेत प्रयोगशाळेत शेकडो स्त्री-पुरुषांचं निरीक्षण करून १९६६ मध्ये पुस्तक काढलं. त्यांना स्त्री आणि पुरुषांत फरकापेक्षा साम्यच जास्त आढळलं. आधी उत्तेजना, मग पठार, मग कामपूर्ती, मग शरीर शांत होणं. कामपूर्तीच्या वेळी दोघांच्याही ओटीपोटाच्या तळाचे स्नायू साधारण सेकंदाच्या आतबाहेरच्या लयीत आकुंचन पावतात. पुरुषाला त्यानंतर काही काळ विश्रांती लागतेच. स्त्रीला ती लागेलच असं नाही. पुरुषातही वीर्यपतन आणि कामपूर्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नेहमी जोडीने येतात म्हणून आपण एकच समजतो.

आणि मुख्य गोष्ट शिश्निकेची. बाहेरून वाटाण्याएवढी दिसते म्हणून सगळ्यांनीच तिला किरकोळीत काढलं. फ्रॉइडने तर १९०५ मध्ये तिथलं सुख 'अपक्व' ठरवून टाकलं. ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल या शल्यविशारद बाईंनी १९९८ मध्ये विच्छेदन करून दाखवलं की तिचा मोठा भाग आत आहे, योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर एकोणतीस वर्षांनी हे नीट मांडलं गेलं! बहुतेक स्त्रियांना निव्वळ संभोगाने कामपूर्ती होत नाही, तिथे स्पर्श लागतो, वेळ लागतो. यात तिचा दोष नाही आणि नवऱ्याच्या 'ताकदी'चाही नाही. लॉजवरच्या पुड्यांत तर याचं औषध अजिबातच नाही. खरोखर अडचण असेल, मधुमेह, रक्तदाब, उदासीनतेच्या गोळ्या, यांमुळे ती होऊ शकते, तर सरळ डॉक्टरकडे जावं.

'आता फोनवर सगळं दिसतं, शिकवायचं काय उरलं?' असं ऑफिसातले एक सहकारी म्हणाले. फोनवर दिसतं ते कॅमेऱ्यासाठी केलेलं असतं. तिथली बाई दोन मिनिटांत किंचाळते, आणि बघणाऱ्याला वाटतं आपल्या घरात काहीतरी बिघडलंय.

भाच्याला उपदेश करणं सोपं होतं. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. त्यातली पहिली आठ मी बायकोला या बाबतीत एक शब्द विचारला नव्हता. बी.ए. होतो, मराठी साहित्य घेऊन. शृंगाररसावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. एका रात्री विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, मला वाटलं ते तुमचंच असतं." चिडून नाही, सहज, दिवाबत्तीबद्दल बोलावं तसं. (हा मजकूर टाकण्याआधी तिला वाचून दाखवला. एक वाक्य तिने खोडायला लावलं. हे राहू दे म्हणाली.)

या टापूला तर याची जुनी सवय आहे. सौंदत्तीचा डोंगर याच बेळगाव जिल्ह्यात. पोरी यल्लम्माला सोडल्या, त्यातल्या कितीतरी मुंबईच्या गल्ल्यांत पोचल्या. कर्नाटकाने १९८२ मध्ये बंदीचा कायदा केला. पुरुषाच्या सुखासाठी देवीच्या नावाने आख्खी व्यवस्था उभी राहते तेव्हा संस्कृती बुडत नाही. तिच्या सुखाचा धडा सातवी-आठवीच्या पुस्तकात आला की बुडते!

भाच्याने उरलेले सहा हजार दिले नाहीत. मी त्याला डॉ. विठ्ठल प्रभूंचं 'निरामय कामजीवन' वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलं, दोघांनी मिळून वाचा असं चिठ्ठीत लिहिलं. लग्न झालं. पुस्तक वाचलं की नाही ते मी विचारलेलं नाही. लग्नाहून परत येताना बेळगाव स्टॅंडवर तोच कागद होता, तारीख तेवढी नवी.