दोन मिनिटांचे अंतर

भूगोलाच्या तासाला भूमध्य सागरी हवामानाचा धडा आला की मुले एक ओळ पाठ करतात. कोरडा उन्हाळा, पावसाळी हिवाळा, पिके द्राक्षे आणि ऑलिव्ह. उदाहरण म्हणून केपटाऊनचे नाव लिहिले की गुण मिळतात आणि धडा संपतो. पण याच केपटाऊनच्या पूर्वेला, पन्नासेक किलोमीटरवर, स्टेलेनबॉश, फ्रान्सहुक, पार्ल अशी डोंगरांच्या कुशीतली गावे आहेत. डोंगरउतारांवर द्राक्षमळे आहेत आणि त्या मळ्यांमधल्या वाटांनी दरवर्षी मार्च महिन्यात हजाराहून अधिक माणसे आठ दिवस सायकल हाणत असतात. आज त्या सायकलींविषयी थोडे बोलू. 'वाईन'चा मुलूख म्हटल्यावर ज्या आजींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, त्यांनी जरा धीर धरावा. त्या आठ्यांनाही या गोष्टीत जागा आहे.

या शर्यतीचे नाव केप एपिक. पहिली शर्यत २००४ साली झाली. नायस्ना या किनाऱ्यावरच्या गावातून निघून ती स्टेलेनबॉशला संपली. पुढे मार्ग दरवर्षी बदलत गेला, पण डोंगर आणि मळे सुटले नाहीत. करोनामुळे २०२० ची शर्यत रद्द झाली आणि २०२१ ची मार्चऐवजी ऑक्टोबरात झाली, एवढाच काय तो अपवाद. आठ दिवसांत साधारण सहाशे ते सातशे किलोमीटर अंतर आणि पंधरा हजार मीटरच्या आसपास चढण. आपल्या भाषेत सांगायचे तर समुद्रसपाटीपासून निघून कळसूबाईचे शिखर नऊ वेळा चढायचे, तेही पायडल मारत.

मार्च हा तिकडे सरत्या उन्हाळ्याचा आणि द्राक्षांच्या सुगीचा महिना. विजयपूर-तासगावच्या बागांत घड उतरवण्याची धांदल चाललेली असते, तेव्हा तिकडेही तीच धांदल असते. फरक इतकाच की आपला उन्हाळा चढत असतो आणि त्यांचा उतरत असतो. द्राक्षाला डोंगराची बाजू मानवते, कारण उतारावर पाणी साचत नाही. मळ्यात ट्रॅक्टर फिरण्यासाठी ओळींच्या कडेने वाटा ठेवलेल्या असतात. या वाटा चढत चढत मळ्याच्या वरच्या कुंपणापाशी संपतात आणि तिथून पुढे एकच सायकल मावेल अशी पायवाट झुडपांत शिरते. जमीन खासगी मालकीची असते. म्हणून वाट मोकळी ठेवायची की नाही, हे मळेवाल्याच्या मर्जीवर. परवानगी मिळाली तर फाटक उघडावे, आत जावे आणि आठवणीने बंद करावे. शेताच्या बांधावरून जाणाऱ्याला हा रिवाज आपल्याकडे वेगळा शिकवावा लागत नाही.

सायकल अर्थातच आपल्या दूधवाल्याची नव्हे. रुंद, दातेरी टायर, पुढच्या चाकाला धक्के पचवणारे स्प्रिंग, मागे लहानमोठ्या दातऱ्यांची चळत. चढावर हलका गिअर टाकून अंग पुढे झुकवायचे, नाहीतर पुढचे चाक उचलते. उतारावर अंग मागे न्यायचे आणि पुढचा ब्रेक हळुवार दाबायचा, नाहीतर माणूस हँडलवरून पलीकडे. आणि काटे! आपल्या माळावर पायात रुततो तो सराटा, ज्याला कन्नडमध्ये नेग्गिलु म्हणतात, नेमका तोच तिकडेही आहे. पंक्चरचे दुकान डोंगरात कुठून असणार? म्हणून टायरमध्ये ट्यूबच नसते. आत एक दाट द्रव असतो, काटा घुसला की तो भोकात जाऊन घट्ट होतो आणि चाक फिरतच राहते.

पण मला या शर्यतीतले सर्वांत विलक्षण काही वाटले असेल, तर तो आहे तिचा नियम. इथे एकट्याला नाव नोंदवता येत नाही. दोघांची जोडी लागते. दोन पुरुष, दोन स्त्रिया किंवा एक स्त्री आणि एक पुरुष, कशीही. आणि वाटेत या दोघांमध्ये दोन मिनिटांहून जास्त अंतर पडता कामा नये. पडले तर दंड बसतो. जोडीची वेळ धरली जाते ती दुसरा भिडू रेषा ओलांडतो तेव्हाची. पहिला दहा मिनिटे आधी पोहोचून काय करणार? त्याच्या घाईची कोणी नोंदच घेत नाही.

या एका नियमाने शर्यतीचा स्वभावच बदलतो. जो बळकट आहे तो पुढे राहून वारा अंगावर घेतो, म्हणजे मागच्याचे श्रम वाचतात. चढावर तो एका हाताने हँडल धरतो आणि दुसरा हात जोडीदाराच्या पाठीला लावून त्याला रेटतो. उद्या पोट बिघडून हाच मागे पडला, तर पाठीवरचा हात दुसऱ्याचा असतो.

क्रिस्टोफ सॉझर हा स्वित्झर्लंडचा आणि बरी स्टँडर हा दक्षिण आफ्रिकेचा सायकलपटू. वयात अकरा वर्षांचे अंतर. या जोडीने २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षे ही शर्यत जिंकली. ३ जानेवारी २०१३ रोजी सराव करताना भर रस्त्यात एका मिनीबस टॅक्सीची धडक बसून स्टँडर गेला. वय अवघे पंचवीस. डोंगरातल्या कड्यांनी ज्याला काही केले नाही, त्याला डांबरी रस्त्याने नेले. दोनच महिन्यांनी सॉझर नव्या जोडीदाराबरोबर, चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुलहावीबरोबर, पुन्हा शर्यतीत उतरला आणि जिंकला.

आता आजींच्या आठ्यांकडे येऊ. ज्या मळ्यांतून ही सायकल जाते, त्या मळ्यांना मागे राहिलेल्यांचा फार मोठा इतिहास आहे. डच लोकांनी केपमध्ये पहिली वाईन काढली ती फेब्रुवारी १६५९ मध्ये. स्टेलेनबॉश वसले १६७९ साली. मळे वाढले तसे राबायला हात लागले आणि ते गुलाम म्हणून जहाजांतून आणले गेले. १६५८ ते १८०८ या काळात असे सुमारे त्रेसष्ट हजार लोक केपला आणले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतले जवळजवळ एक चतुर्थांश आपल्या हिंदुस्थानातले होते. जुन्या दप्तरांत त्यांची नावे सापडतात ती 'बंगालची', 'मलबारची', 'कोरोमंडलची' अशी. आईबापांनी ठेवलेले नाव गेले, गावाचे गेले, उरला फक्त किनारा. म्हणजे त्या मळ्यांच्या मातीत आपल्याही माणसांचा घाम जिरला आहे.

१८३४ मध्ये गुलामी कायद्याने संपली, पण आणखी चार वर्षे त्याच मालकाकडे 'उमेदवारी' करण्याची सक्ती होती. आणि त्यानंतरही एक चाल टिकून राहिली. मजुराला मजुरीचा काही भाग पैशांऐवजी दारूच्या मापात द्यायचा. दिवसातून अनेकदा माप भरायचे. तिकडे तिला 'डॉप' पद्धत म्हणतात. कायद्याने बंदी आल्यावरही काही मळ्यांवर ती १९९० च्या दशकापर्यंत रेंगाळली. पिढ्यान्‌पिढ्या व्यसन लागले. आईच्या पोटात असतानाच दारूचा परिणाम होऊन अधू जन्मलेल्या मुलांचे प्रमाण या भागात जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. द्राक्षाचा दोष नाही. द्राक्ष बेदाणाही होते. पण ज्याचा हात मळ्यात राबला त्याला मालकाने दोन मिनिटे नव्हे, तीनशे वर्षे मागे ठेवले.

हे अंतर एका शर्यतीने भरून निघेल, असे समजण्याचा भाबडेपणा नको. पण स्टेलेनबॉशच्या कडेला कायामंडी नावाची वस्ती आहे. खोसा भाषेत या नावाचा अर्थ गोड घर. दाटीवाटीची घरे, पलीकडे हिरवेगार मळे. तिथे याच सॉझरने स्थानिक तरुण सोंगो फिपाझा याच्यासह २००८ मध्ये 'सोंगो डॉट इन्फो' हा उपक्रम सुरू केला. शाळा सुटल्यावर वस्तीतली मुले सायकल शिकतात, त्याचबरोबर त्यांच्या अभ्यासाकडेही पाहिले जाते. ज्या डोंगराकडे त्यांच्या आजोबांनी फक्त राबायला जाताना पाहिले, त्यावर ही मुले सायकल घालतात.

आपल्याकडे माणूस घराबाहेर पडताना म्हाताऱ्या माणसांचे एक सांगणे असते. मराठी आजी म्हणते, "सावकाश जा." कन्नड अज्जी म्हणते, "निधान होगरी." दोघींचा अर्थ एकच, आणि तो फक्त वाहनाच्या वेगापुरता नसावा. आपल्या कितीतरी घरांत धारवाड-हुबळीकडून आलेली सून असते. सासरच्या पंगतीत मराठी विनोद उडतात, सगळे हसतात आणि ती अर्ध्या क्षणाने हसते. एखाद्या घरात नातू कन्नड आणि इंग्रजीत भराभर बोलतो आणि मराठी आजोबा नुसते तोंडाकडे पाहत राहतात. कोणी मुद्दाम कोणाला मागे टाकलेले नसते. पण अंतर पडते, आणि आपल्या घरात ते मोजायला पंच नाही. ते आपणच मोजायचे.

तेव्हा वाचकहो, आज रात्रीच्या जेवणाला एवढेच करून पाहा. विनोद झाला की तो दुसऱ्या भाषेत पुन्हा एकदा सांगा. त्याची गंमत थोडी कमी होईल, कबूल. पण पान सगळ्यांचे एकदमच वाढले जाईल.