हंड्याचा जमाखर्च



यंदाच्या बुद्धपौर्णिमेला आम्ही सहकुटुंब आमच्या आत्याच्या गावी गेलो होतो. गाव शहापूर तालुक्यातले. कसारा लोकलने खर्डीला उतरायचे, तिथून जीप धरायची आणि शेवटचा मैलभर पायी चालायचे. सकाळी विहारात वंदना होती, संध्याकाळी खीरदान आणि आमचे दोन शब्द. विषय ठरला होता मुलींचे शिक्षण. भाषणाचे मुद्दे आम्ही गाडीतच कागदावर उतरवून काढले होते.

आत्याच्या दारात पोहोचलो तर तिच्या सुनेने तांब्या पुढे केला आणि खाली घमेले ठेवले. म्हणाली, "भाऊजी, पाय घमेल्यातच धुवा. ते पाणी संडासला होतं." आमच्या घरी दात घासून होईपर्यंत नळ वाहत असतो. आम्ही अर्ध्या तांब्यात पाय धुतले आणि गुपचूप आत गेलो.

आत्याची नात नुकतीच नववी पास झाली आहे. ती अकराच्या सुमारास आली, डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी. पहाटे तीनला उठून विहिरीवर गेली होती. टँकर येतो तो विहिरीत रिकामा करतात. मग सगळी वस्ती दोऱ्या-बादल्या घेऊन त्या विहिरीवर तुटून पडते. आधी पोहोचेल त्याला पाणी, मागून येईल त्याला गाळ. परीक्षेतही दोन पेपरांना ती याच पायी उशिरा पोहोचली. आता हिला समोर बसवून मुलींच्या शिक्षणावर आम्ही काय बोलणार? कागद खिशातच राहिला.

रात्री अंगणात आमचा आतेभाऊ म्हणाला, "दादा, मुंबईत एखादी खोली बघा ना. भाड्याची, कुठंही चालेल. पोरगी यंदा दहावीला. इथं राहिली तर तिचं वर्ष पाण्यातच जाईल."

आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठीच हा लेख.

वाचकहो, शहापूर म्हणजे काही दुष्काळी मुलूख नव्हे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा भाग. पावसाळ्यात इथे घराबाहेर पडणे मुश्किल होते. पण खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, वाहून जाते. फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी तळ दाखवू लागतात. हे निसर्गाचे झाले. आता माणसाचे बघू.

मुंबईने नळाचे पाणी १८६० साली विहार तलावातून घेतले. शहर वाढले, तहान वाढली आणि हात लांब होत गेला. १८९२ साली तानसा, १९५७ साली मोडक सागर, पुढे अप्पर वैतरणा आणि भातसा, २०१४ साली मध्य वैतरणा. विहार आणि तुळशी हे दोन तलाव सोडले तर मुंबईला पाणी देणारे बाकी सगळे जलाशय मुंबईच्या बाहेर, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत. तानसा, मोडक सागर आणि भातसा ही मोठी धरणे तर शहापूर तालुक्यातच. एकट्या भातसाचा वाटा मुंबईच्या पाण्यात निम्म्याच्या आसपास आहे. हे पाणी नदीने पिसे बंधाऱ्यापर्यंत येते, तिथे पंपाने उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मोठमोठ्या जलवाहिन्यांतून ते शहरात शिरते. वाटेवरच्या काही गावांनाही या वाहिन्यांतून पाणी मिळते, हे नाकारता येणार नाही. पण वाहिनी खालच्या अंगाने जाते आणि डोंगरावरचे पाडे, वस्त्या वरच्या वर कोरड्या राहतात. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण आत्याच्या गावाने रोज जगावी अशी ही तऱ्हा.

आम्ही बी.कॉम. शिकलेले कारकून. जमाखर्च मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. म्हणून परतीच्या गाडीत पेन काढले.

मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवले जाते. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती. आज वाढली असणार म्हणून आपण हात सैल सोडून चार लाख धरू. खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे माप आहे. चार लाख गुणिले पंचावन्न म्हणजे २ कोटी २० लाख लिटर. मुंबईच्या पाण्याशी ताडून पाहिले तर शंभर लिटरमागे अर्ध्या लिटरहून थोडे जास्त. घरगुती भाषेत सांगायचे तर पंधरा लिटरच्या हंड्यातून एक कटिंग चहाएवढे! एवढे काढून दिल्याने मुंबईचा एकही नळ कोरडा पडणार नाही.

आता दुसरा हिशेब. टंचाईत टँकरचे पाणी मंजूर होते ते माणशी २० लिटरच्या मापाने. पाच माणसांच्या घराला १०० लिटर. शहरात माणशी १३५ लिटर हे माप धरतात, म्हणजे पाच माणसांना ६७५. देशाच्या घटनेत माणसाचे मोल एकच आहे, मग मोजपट्ट्या दोन का?

मोठे शहर आणि त्याच्या शेजारचा मुलूख यांचे नाते असे चालते. पाणी, भाजी, दूध, विटा आणि वाळू शहराकडे जाते. पहाटेच्या लोकलने कामगार जातो, रात्रीच्या लोकलने थकून परत येतो. शहराकडून मजुरी येते, पोराबाळांना नोकरी मिळते, दवाखाना आणि कॉलेज मिळते. आमची स्वतःची भाकरी याच शहराने दिली. जातीच्या जाचातून सुटायला आपल्या बापजाद्यांना गिरण्यांनी आणि चाळींनीच आसरा दिला. म्हणून शहराला शिव्या देऊन आम्ही मोकळे होणार नाही. तक्रार एवढीच की वहीत एका बाजूची नोंदच नाही. पाणी गेले ते कुणाच्या नावे जमा झाले, हे कुठेच लिहिलेले दिसत नाही.

नोंद करायची म्हटली तर करता येते. बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा ज्यांची घरे-जमिनी गेल्या, त्यांच्या कुटुंबातल्या माणसांना पाणी घेणाऱ्या शहरांच्या महापालिकांत नोकऱ्या देण्याचा निर्णय झाला. लोक वर्षानुवर्षे झगडले तेव्हा झाला, पण झाला. पाणी घेणाऱ्याने काही देणे लागते, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. आता वाडा तालुक्यात ओगदे इथे गारगाई नदीवर मुंबईसाठी रोज ४४ कोटी लिटर पाणी देणारे धरण बांधायची योजना आहे. त्या खोऱ्यातल्या आदिवासी बांधवांनी हा हिशेब आधी मांडावा. गाव उठल्यावर मांडलेला हिशेब कुणी ऐकत नाही.

मग आतेभावासाठी मुंबईत खोली बघावी का? आम्ही सोमवारी कामावरून सुटल्यावर एक-दोन वस्त्यांत चौकशीही केली. एका ठिकाणी घरांच्या मागूनच पुरुषभर उंचीचा पाण्याचा पाइप गेलेला. त्याच शहापूरच्या बाजूने येणारे पाणी! आणि त्या पाइपाला पाठ लावून राहणाऱ्या बाया पाणी विकत घेतात, ड्रमाच्या भावाने. घर अनधिकृत म्हणून नळ नाही. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तरी पुष्कळ वस्त्यांत अजून वणवण आहे. म्हणजे आत्याची नात धरणाच्या उशाला राहिली काय आणि पाइपाच्या उशाला राहिली काय, हंडा तिच्या डोक्यावरून उतरत नाही. गाव विरुद्ध शहर असे हे भांडण आम्हाला म्हणूनच मान्य नाही. दोन्हीकडे तहानलेला माणूस एकच आहे.

पाण्याचा प्रश्न आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. कागदावर सगळे झाले होते. ओंजळीत पाणी आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले तेव्हा. त्यानंतरही कोर्टकज्जा १९३७ पर्यंत चालला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार दिला. पूर, शेती, वीज असा एका खोऱ्याचा सगळा विचार एकत्र करायचा, हे त्या योजनेचे सूत्र. ठराव आणि ओंजळ यांच्यातले अंतर चालूनच कापावे लागते, हा महाडचा धडा आहे. आजही गावोगाव नळाची तोटी बसलेली दिसते. तोटीत पाणी आहे का, हे कुणी विचारायचे?

इथे आपले चुकते कुठे, तेही सांगून टाकू. आपण उन्हाळ्यात ओरडतो आणि पावसाळ्यात विसरतो. तहान लागल्यावर विहीर खणायची ही आपली जुनी खोड. सरकारचा टंचाई आराखडा ऑक्टोबरपासूनच्या तीन तिमाह्यांचा असतो. मे महिन्यात हंडा मोर्चा काढून फार तर जादा टँकर मिळतो, योजना मिळत नाही. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, आपल्या वस्तीच्या पाण्याचा ठराव मांडला पाहिजे. २ ऑक्टोबरला त्याचे काय झाले ते विचारले पाहिजे. ठरावाची नक्कल शिक्क्यासह मागून घ्यावी. टँकरसाठी आधी ग्रामपंचायतीची मागणी, मग गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची पाहणी, मग मंजुरी, हा क्रम पाठ असावा. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. त्या नुसत्या सहीपुरत्या आहेत की बैठकीला बोलतात, हेही पाहावे. पाणी जी भरते तिलाच पाण्याचे गणित कळते.

आणि आपली मुंबईतली गावमंडळे? आम्हीही अशाच एका मंडळाचे खजिनदार. गेल्या काही वर्षांत आम्ही कमान बांधली, लाउडस्पीकरचा संच घेतला. विहिरीतला गाळ काढण्यावर आमच्या वहीत एक पैसा खर्च पडलेला नाही. हे लिहिताना आमची मान खाली जाते. पुढच्या बैठकीत हा विषय आम्हीच काढणार आहोत.

राहिला आतेभावाचा प्रश्न. रविवारी आम्ही पुन्हा गेलो आणि स्पष्ट सांगितले, "खोली आत्ता नको. तू १५ ऑगस्टला ठराव मांड, आम्ही शेजारी येऊन बसतो. पोरगी फेब्रुवारीपासून परीक्षेपर्यंत आमच्याकडे अभ्यासाला राहील." तो हो म्हणाला. पण वहिनी चुलीपुढून उठून आल्या आणि म्हणाल्या, "ती आली तुमच्याकडं, तर तिचे हंडे कोण आणणार? माझंच कंबरडं मोडायचं का?"

प्रश्न रास्त होता. मुलीची सुटका म्हणजे आईवर दुप्पट बोजा, असा व्यवहार बरोबर नाही. घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे. दुपारभर माळावर क्रिकेट खेळतो. आम्ही त्याच्याकडे पाहिले. तो खाली बघून म्हणाला, "वस्तीत हसतील मला." आत्या इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "हसूदेत. तुझ्या आज्यानं दुसऱ्याच्या विहिरीवर पाण्यासाठी मार खाल्लाय. तुला आपल्या विहिरीची लाज वाटते?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पहिल्या लोकलसाठी निघालो तेव्हा तो विहिरीच्या वाटेवर होता, एक हंडा खांद्यावर घेऊन. डोक्यावर घ्यायची अजून सवय नव्हती. बहीण घरात झोपली होती.

जयभीम!