दोघांचा एक दिवस, कॅस्टरब्रिजच्या बाजारात

साहित्य शिकवणाऱ्या माणसाने सहलीचा आराखडा एकट्याने करू नये, असे अलीकडे माझे ठाम मत झाले आहे. विशेषतः ती सहल दोघांची असेल आणि त्या दोघांपैकी एकानेच ती कादंबरी वाचलेली असेल, तर मुळीच करू नये.

डॉर्चेस्टर हे इंग्लंडच्या दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्याचे मुख्य गाव. टॉमस हार्डीने त्याला 'कॅस्टरब्रिज' केले आणि १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' या कादंबरीमुळे ते आपल्याकडच्या इंग्रजीच्या कित्येक वर्गांत पोचले. मी ही कादंबरी बावीस वर्षे शिकवली. मुलीकडे साउदॅम्प्टनला मुक्काम असताना आगगाडीने दीडेक तासावर कॅस्टरब्रिज आहे हे लक्षात आल्यावर जे व्हायचे तेच झाले. रात्री बसून मी एका दिवसाचा आराखडा केला. त्यात अकरा ठिकाणे होती, प्रत्येकापुढे प्रकरणाचा क्रमांक होता, आणि कुठे किती मिनिटे थांबायचे तेही लिहिले होते. सकाळी पत्नीने तो कागद वाचला आणि विचारले, “अहो, बाजाराचे गाव म्हणता, मग यात बाजार कुठे आहे?”

बाजार नव्हता. बाजाराच्या गावात जाऊन मी बाजार सोडून बाकी सगळे पाहणार होतो.

इंग्लंडमध्ये 'मार्केट टाउन' ही केवळ वर्णनाची संज्ञा नाही. मध्ययुगात बाजार भरवणे हा हक्क होता. तो राजाकडून मिळवावा लागे आणि शेजारच्या गावाने तो मोडला तर खटले होत. तेराव्या शतकात ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेग्रंथात दोन बाजारांमध्ये किमान किती अंतर असावे याचा हिशोब दिला आहे. तो मला कुठल्याही प्रवासवर्णनापेक्षा मोलाचा वाटतो. माणसाची दिवसाची चाल वीस मैल धरायची. त्यातला एक तृतीयांश वेळ जाण्याचा, एक तृतीयांश खरेदी-विक्रीचा, एक तृतीयांश परतण्याचा. म्हणून नवा बाजार जुन्यापासून सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आत नको. उजेडात निघावे आणि उजेडातच घरी परतावे, एवढाच त्यामागचा व्यवहार. आपल्याकडचा आठवडी बाजार ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पहाटे गाडी जुंपायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायचे, हे गणित बार्शीलाही तेच होते.

बार्शीचे नाव सहज आलेले नाही. पत्नीचे माहेर बार्शीचे, आणि घर आडतीचे. तिने हार्डी वाचलेला नाही. माझ्या बावीस वर्षांच्या अध्यापनकाळात तो वाचावा असे तिला कधी वाटले नाही, आणि तिने वाचावा असा आग्रह मीही धरला नाही. घरातल्या माणसाला आपला विषय कळणार नाही असे आपण परस्पर ठरवून टाकतो. आगगाडीत वेळ होता म्हणून मी तिला कथानक सांगू लागलो. दारूच्या नशेत मायकेल हेंचर्ड जत्रेत आपली बायको आणि तान्ही मुलगी एका खलाशाला पाच गिनींना विकतो. पुढे दारू सोडतो, धान्याचा मोठा व्यापारी होतो, गावचा मेयर होतो. आणि मग ती बायको परत येते. वर्गात इथवर आलो की मुले सावरून बसतात. ती खिडकीबाहेर पाहत होती. पुढे सांगितले की हेंचर्डने विकलेला गहू कोंब आलेला निघतो, पावाला चव राहत नाही, गावात ओरड होते, आणि असा गहू बऱ्यापैकी सुधारण्याची युक्ती फारफ्रे नावाचा एक परगावचा तरुण त्याला सांगतो. तेव्हा मात्र तिने मान वळवली. “भिजलेला माल होता,” ती म्हणाली. “आमच्याकडे ज्वारी काळी पडायची. मग ती चांगल्यात किती मिसळायची यावरून दादांची आणि काकांची भांडणं.”

मग प्रश्न सुरू झाले. हेंचर्डच्या वह्या कोण लिहीत होते? हिशोब तोंडी होता का? (होता, फारफ्रेने वह्या आणि पत्रव्यवहार आणला, आणि दोघांतला खरा फरक तोच.) पीक बुडणार या अंदाजाने त्याने किती माल उचलला? पावसाचे भाकीत कोणी सांगितले? गावाबाहेर राहणाऱ्या एका भाकीतवाल्याकडे तो चोरून जातो, पाऊस पडणार या भरवशावर चढ्या भावाने धान्य भरतो, ऊन पडल्यावर घाबरून तोट्यात विकतो, आणि विकून मोकळा होतो तोच हवा पुन्हा फिरते. हे ऐकून ती हळहळली. बायको विकल्याचे ऐकून ती हळहळली नव्हती. तिथे तिने फक्त “हं” म्हटले होते.

मुद्दा असा, की हार्डीने स्वतः प्रस्तावनेत या कथेमागच्या ज्या गोष्टी सांगितल्या आहेत त्यांत धान्य कायदे रद्द होण्यापूर्वीच्या, म्हणजे १८४६ पूर्वीच्या, बेभरवशाच्या पिकांचा उल्लेख आहे. बाहेरचे धान्य सहज येत नसे, त्यामुळे गावच्या गव्हाचा भाव गावच्या आभाळावर ठरे. आणि आपण वर्गात काय शिकवतो? शोकात्म नायक, त्याचा दोष, स्वभाव आणि नियती. परीक्षेत प्रश्नही तोच येतो. धान्य ही पार्श्वभूमी म्हणून दोन ओळींत उरकायची. मी बावीस वर्षे ती उरकली. ज्या कादंबरीत माणसे धान्यावर उठतात आणि धान्यावर बसतात, तीत धान्य ही पार्श्वभूमी असते तरी कशी, हे मला आगगाडीच्या डब्यात विचारले गेले.

असो. आराखड्याकडे येतो, कारण खरा पेच तिथे होता. कादंबरीतला बाजार शनिवारचा, हल्लीचा बुधवारचा. हार्डीची घरे (जन्मघर हायर बॉकहॅम्प्टनचे, आणि त्याने स्वतः आराखडा करून बांधून घेतलेले मॅक्स गेट) आज नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहेत आणि ती रोज उघडी नसतात. आम्हाला सोयीचा बुधवार निवडला तर घर बंद. घर उघडे असेल तो दिवस निवडला तर बाजार नाही. मी अर्थातच घराच्या बाजूने होतो. लेखकाचे घर बंद असताना लेखकाच्या गावी जायचे, हे मला देऊळ बंद असताना पंढरपूरला जाण्यासारखे वाटले. “पंढरपूरला माणसे कळसाचे दर्शन घेऊनही परततात,” ती म्हणाली. आम्ही बुधवारी गेलो.

डॉर्चेस्टर साउथ स्टेशनपासून बाजार चालत काही मिनिटांवर आहे. भाज्या, रोपटी, कपडे, जुन्या वस्तू. ती दोन रांगा फिरली आणि म्हणाली, “इथे धान्य कुठे आहे?” धान्य नाही. गावात कॉर्न एक्स्चेंजची भव्य इमारत आहे, पण तिथे आता नाटके आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. तिने भाव विचारले, एक जुना पितळी वजनाचा तुकडा हातात घेऊन परत ठेवला, आणि माझ्या आराखड्यातली चाळीस मिनिटे तिथे गेली. बाजाराला लागूनच मॉम्बरी रिंग्ज आहे. मूळचे नवाश्मयुगीन वर्तुळ, रोमनांनी त्याचे क्रीडांगण केले, पुढे तिथे लोकांना जाहीर देहदंड दिला जाई. १७०६ मध्ये मेरी चॅनिंग या तरुण स्त्रीला तिथेच जाळले. हेंचर्ड आपल्या विकलेल्या बायकोला अनेक वर्षांनी भेटतो ते याच ठिकाणी. आम्ही बांधावर बसून डबा खाल्ला. एरवी मी तिथे उभा राहून अकरावे प्रकरण आठवले असते.

साउथ स्ट्रीटवर एका जुन्या विटांच्या घरावर निळी पाटी आहे. हार्डीच्या कथेतला मेयर इथे राहत असे असे मानतात, अशा आशयाची. पत्नीने विचारले, “हा खरा होऊन गेला?” नाही. “मग पाटी कशी लावली?” आपण साहित्याचे लोक या पाटीपुढे उभे राहून छायाचित्र काढतो आणि मिश्कील हसतो, पण तिचा प्रश्न रास्त आहे. एकाच गावात सहा खरे माणूस झाकोळले जातात आणि एक खोटा माणूस पत्त्यासह उरतो. सहा म्हणजे टॉलपडलचे सहा शेतमजूर. मजुरी कमी होत चालली म्हणून त्यांनी संघटना केली आणि गुप्त शपथ घेतली, एवढ्यावरून १८३४ मध्ये याच गावच्या शायर हॉलमध्ये त्यांना सात वर्षे काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियाला हद्दपारीची, शिक्षा झाली. माझ्या अकरा ठिकाणांत शायर हॉल नव्हता. कादंबरीत तो खटला नाही, म्हणून नव्हता! आडतीवरच्या हमालांची मजुरी आणि १९६९ चा माथाडी कायदा यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला तिथे जितके पाहायचे होते तितके मला नव्हते. तिथे आम्ही तासभर होतो.

थोडे विषयांतर, पण पश्चात्तापाचे. गावाच्या नैऋत्येस मेडन कॅसल हा लोहयुगीन किल्ला आहे. १९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलरने तिथे उत्खनन केले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाची परंपरा उभी करणाऱ्या ह. धी. सांकलियांनी विद्यार्थिदशेत या उत्खननात काम केले होते, आणि व्हीलर स्वतः १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचा महासंचालक होऊन आला. मराठी माणसाने डॉर्चेस्टरला जाऊन पाहण्यासारखी एखादी जागा असेल तर ती ही. मी ती मूळ आराखड्यातच गाळली होती, चालण्याचा वेळ वाचावा म्हणून.

स्थळांच्या यादीचा हा हव्यास आपला एकट्याचा नाही. हार्डीनेच त्याला खतपाणी घातले. त्याने आपल्या काल्पनिक 'वेसेक्स'चा नकाशा छापू दिला, आवृत्त्यांमधून अंतरे आणि नावे जुळवत नेली, आणि हर्मन ली या छायाचित्रकाराला कुठली जागा कुठल्या कादंबरीत आहे हे सांगणारे पुस्तक करायला मदत केली. ते पुस्तक १९१३ मध्ये निघाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हार्डी काय करत होता, हे मात्र मी आजवर वर्गात या पुस्तकाशी जोडून कधी सांगितले नव्हते. तो भावाला बरोबर घेऊन कॉर्नवॉलला गेला होता. १८७० च्या मार्चमध्ये सेंट ज्युलियट इथे त्याला एमा भेटली होती, १८७४ मध्ये त्यांचे लग्न झाले. पुढे मॅक्स गेटमध्ये दोघे एका छपराखाली राहून दुरावले. शेवटची वर्षे तिने माळ्यावरच्या खोल्यांत काढली आणि नोव्हेंबर १९१२ मध्ये ती गेली. तिच्यामागे त्याने ज्या कविता लिहिल्या त्यांत एक खंत पुन्हा पुन्हा येते: आपण दोघे त्या जुन्या जागी पुन्हा एकदा का गेलो नाही? परक्या वाचकांना वाटा दाखवणारे पुस्तक छापले जात होते त्या सुमारास, तिच्याबरोबर पाहायच्या राहिलेल्या जागा तिच्याशिवाय पाहत तो बहात्तर वर्षांचा माणूस फिरत होता.

मॅक्स गेट गावापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. दुपारी चारला आम्ही पोचलो तेव्हा फाटक बंद होते. विटांचे, काहीसे बेढब घर. हार्डीने घर बांधले तेव्हा भोवती हजारो झाडे लावली होती. मी तिला एमाची गोष्ट सांगितली. तिने छपराकडे पाहिले. “वर उन्हाळ्यात तापत असेल,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “आणि हा खाली बसून लिहायचा?” मी हो म्हणालो. तिथून स्टिन्सफर्डच्या चर्चकडे जायचे होते, जिथे एमाच्या शेजारी हार्डीचे हृदय पुरले आहे (राख वेस्टमिन्स्टर ॲबीत). पण ती चालून दमली होती, आणि पाचच्या गाडीला वेळ थोडा होता. आराखड्यातल्या अकरापैकी चार ठिकाणे झाली.

परतीच्या गाडीत तिने मुलीकडून आणलेली 'कॅस्टरब्रिज'ची प्रत उघडली आणि सुरुवातीची प्रकरणे टाळून, मी सांगितल्यावरून, कोंब आलेल्या गव्हाच्या प्रकरणापासून वाचायला घेतली. पुढच्या खेपेचा आराखडा तीच करणार आहे. त्यात बुधवार आहे, मेडन कॅसल आहे, स्टिन्सफर्डचा नदीकाठचा रस्ता आहे. मॅक्स गेट घालायचे की नाही हे तिने अजून सांगितलेले नाही.