दाणे टाकतानाही जयणा हवी



गेल्या चातुर्मासात आमच्या गच्चीवर एक कबुतर पंख फुगवून कोपऱ्यात बसलं होतं. समोर ज्वारी असून खाईना. विष्ठा हिरवट, पातळ. हातात घेतलं तर छातीचं हाड टोचलं. जनावरांच्या डॉक्टरांनी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि म्हणाले, "काकू, पोटात गोल जंत आहेत, कॉक्सिडियाही आहे. औषध द्यावं लागेल."

मी थबकले. जंत म्हणजे बेइंद्रिय जीवच ना? कबुतर पंचेंद्रिय. एकाला वाचवायचं तर दुसरे मरणार. शेवटी औषध दिलं आणि संध्याकाळी प्रतिक्रमणात मिच्छामि दुक्कडम म्हटलं. औषध धर्माविरुद्ध आहे असं मला वाटत नाही. दिल्लीत चांदणी चौकातल्या लाल मंदिराचं पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय १९२९ पासून आहे, आणि तिथे सर्वांत जास्त रुग्ण कबुतरंच असतात.

पण डॉक्टरांनी पुढे विचारलं, "दाणे टाकता कुठे?" तिथे मी निरुत्तर झाले. रोज त्याच ओल्या फरशीवर, त्याच विष्ठेत! जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ओलाव्यात पिकतात आणि दाण्याबरोबर पुन्हा पोटात जातात. गोल जंताच्या अंड्याला त्यासाठी दोन-तीन आठवडे लागतात, कॉक्सिडियाला एक-दोन दिवस पुरतात. पिल्लं आधी बळी पडतात. आपण तर पर्युषणात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, दाणे वाढवतो. म्हणजे जंत वाढवले मी, आणि मग मारायला औषधही आणलं मीच. दोन्हीकडची हिंसा माझ्याच खाती जमा.

२०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद झाला! एक बाजू माणसाच्या फुप्फुसांबद्दल बोलत होती, दुसरी जीवदयेबद्दल. कबुतराच्या पोटाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. माझं मत स्पष्ट आहे. पोतं रिकामं करणं म्हणजे जीवदया नव्हे, जयणा पाळली तरच ती दया.

आता मी एवढंच करते. एका सामायिकेच्या वेळेत, ४८ मिनिटांत, संपतील इतकेच दाणे कोरड्या, उथळ ताटलीत ठेवते. उरलेले उचलते. पाणी रोज बदलते. विष्ठा तोंडाला कापड बांधून, किंचित ओली करून रोज खरवडते, मग जागा उन्हात सुकू देते. कबुतरांचे हे जंत सहसा माणसाला लागत नाहीत, पण विष्ठेची धूळ छातीला वाईट. घरी खुराड्यात कबुतरं पाळणाऱ्यांनीही तळ कोरडा ठेवावा आणि औषध आपल्या मनाने देऊ नये.

स्थानकाबाहेर दाणे टाकायला पैसे देणाऱ्या पुष्कळ आहेत. यंदा मी ती जागा झाडण्याची पाळी मागणार आहे. कोण येतंय सोबत?