बॅग भरायची कोणी?

परदेशी कला-सहलीची सूचना घरी पोहोचली की पहिली चर्चा होते ती बॅगेची. केवढी घ्यायची, चाके दोन की चार, किती किलो चालेल? आई यादी करते, बाबा वजनकाटा शोधतात, आजी डबे भरायला घेते. ज्या मुलाला किंवा मुलीला जायचे आहे ते मात्र बाजूला उभे राहून सगळे पाहत असते. आम्हांला हे पटत नाही. इटलीसारख्या सहलीची बॅग विद्यार्थ्याने स्वतः भरावी, ती स्वतःला उचलता येईल एवढीच असावी आणि चित्रकलेचे सामान सर्वांना सारखे, शाळेकडून मिळावे, असे आमचे मत आहे.

आधी वजनाबद्दल. विमान कंपनी किती किलो नेऊ देते, यावर आपण बॅगेचा आकार ठरवतो. पण खरी परीक्षा विमानतळाच्या पुढे असते. व्हेनिस शहरात मोटारी नाहीत. चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. तिथे चाकांची बॅगही हातानेच उचलावी लागते. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागातले रस्ते फरसबंदीचे आहेत, आणि जुन्या इमारतीतल्या मुक्कामाच्या जागी लिफ्ट असेलच असे नाही. म्हणून आमची एक साधी सूचना आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येकाने भरलेली बॅग शाळेत आणावी आणि न थांबता दोन जिने चढून दाखवावे. दम लागला तर त्यातले काय काढायचे, ते त्यानेच ठरवावे.

कपड्यांचे चार जोड पुरतात. ते धुता येतात. नवे कोरे बूट नेऊ नयेत, पायात रुळलेलेच न्यावेत, कारण दिवसभर चालायचे असते. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, त्यामुळे त्या बेताचे दोन जोड हवेत. आपल्याकडच्या जाड पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून एक अ‍ॅडॉप्टर हवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची असते.

आता चित्रकलेचे सामान. पालकांना वाटते, इटलीला चाललाय तर चांगली मोठी रंगपेटी हवी. पण टर्पेंटाइन आणि पेट घेणारे स्प्रे विमानात हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि मोठ्या बॅगेतही चालत नाहीत. कटर आणि कंपास मोठ्या बॅगेत टाकावे लागतात. बहुतेक संग्रहालयांत रंग-ब्रश काढू देत नाहीत, चालते ती पेन्सिल. तेव्हा एक जाड कागदाची स्केचबुक, २बी, ४बी, ६बी अशा पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि बाहेर चौकात बसून रंगवण्यासाठी जलरंगाच्या वड्यांची छोटी पेटी, एवढे पुष्कळ झाले.

हे सामान शाळेनेच द्यावे असे आम्ही म्हणतो, त्याला कारण आहे. सामानाची यादी लांबत जाते तशी काही नावे सहलीतून गुपचूप गळत जातात. प्रवासखर्चाची सोय शाळेने केली तरी चांगली बॅग, कॅमेरा, परदेशी रंग यांची यादी वाचून एखादे वडील ‘यंदा नको’ म्हणतात. कारण कोणी विचारत नाही आणि ते सांगतही नाहीत. विश्वस्तांना आमची विनंती आहे की ही यादी हलकी करणे त्यांच्या हाती आहे. सगळ्या तुकडीच्या वह्या-पेन्सिलींचा खर्च एका विमान-तिकिटाहून कितीतरी कमी येईल. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. ऐपत नसली तरी शिकायला बाहेर जाता यावे, हा धडा या गावाला नवा नाही.

पेन्सिलीवर आमचा भर का? फोनने फोटो काढायला दोन सेकंद लागतात आणि मूल पुढे जाते. मायकेलअँजेलोचा डेव्हिड ५ मीटरहून उंच आहे. त्याच्यासमोर वीस मिनिटे बसून चित्र काढले की लक्षात येते, उजवा हात शरीराच्या मानाने मोठा आहे. सिस्टाइन चॅपेलमध्ये तर फोटोला बंदीच आहे. तिथे डोळ्यांनी पाहायचे आणि बाहेर येऊन आठवून काढायचे.

पण पाहण्याची ही सवय तिथे पोहोचून लागत नाही. ती इथून न्यावी लागते. वडोदऱ्याच्या मुलांचे भाग्य असे की सराव घराजवळच होऊ शकतो. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. लक्ष्मीविलास राजवाड्यात फेलिची या इटालियन शिल्पकाराची शिल्पे आहेत आणि राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची तैलचित्रे. सयाजीबागेतल्या चित्रसंग्रहालयात युरोपीय चित्रेही आहेत. बॅग भरण्याआधी चार रविवार या चार ठिकाणी जावे आणि स्केचबुक निम्मी इथेच भरावी. कीर्तिमंदिराच्या भिंतीसमोर बसलेले मूल सिस्टाइनच्या छताखाली उभे राहिले तर विचारील, हे ओल्या गिलाव्यावर रंगवले की सुक्या? हा प्रश्न बॅगेतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मोलाचा आहे, आणि त्याचे वजन होत नाही. या रविवारच्या फेऱ्या इटलीला न जाणाऱ्या मुलांसाठीही खुल्या असाव्यात, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

राहिली आजीच्या डब्यांची गोष्ट. त्यामागची काळजी आम्ही समजतो. शाकाहारी मूल परक्या देशात उपाशी तर राहणार नाही ना, हे वाटणारच. पण भारतातून जाणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघाच्या देशांत मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणजे पेढे आणि बर्फी घरीच राहतील. भाकरवडी आणि लीलो चिवडो यांची दोन पुडकी मात्र जरूर द्यावीत. परक्या गावी तीही आधार देतात. इटलीत शाकाहारी मुलाला पिझ्झा, पाव, भाज्या, फळे मिळतात. थोडे वेगळे चाखायला शिकणे हाही सहलीचाच भाग आहे.

मुलांवर सगळे सोडावे असे आम्ही म्हणत नाही. पासपोर्ट, व्हिसा, विमा, औषधे आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी ही जबाबदारी पालकांची आणि शिक्षकांची. कागदपत्रे मोठ्यांची, बॅग मुलांची, अशी वाटणी असावी. मूल काहीतरी विसरेल, हे उघड आहे. विसरलेला कंगवा तिथे विकत मिळतो. आपली वस्तू आपण सांभाळायची, ही सवय विकत मिळत नाही.

शेवटी, बॅगेत थोडी जागा रिकामी ठेवावी. मामा-मावश्यांनी भेटवस्तूंच्या याद्या देऊन ती भरू नये. त्या जागेत संग्रहालयांची माहितीपत्रके येतील, एखादे चित्रांचे पुस्तक येईल. परतल्यावर शाळेच्या सभागृहात सर्वांच्या स्केचबुका मांडाव्यात, सुबकही आणि गिचमिडही. कोण किती किमतीची बॅग घेऊन गेले होते, हे तोवर कोणाच्या लक्षातही राहणार नाही. कोणी काय पाहिले, ते मात्र पानापानांवर दिसेल.