शिक्षकांचे स्वास्थ्य मोजायचे तर आधी त्यांचे काम मोजा

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांनो,

शिक्षक आपल्या नोकरीत समाधानी आहे की नाही, हे जाणून घेण्याची इच्छा अलीकडे सर्वत्र बळावली आहे, आणि ती स्तुत्यच आहे. परंतु तिच्या पूर्तीसाठी शिक्षकाच्या मोबाइलवर आणखी एक लिंक धाडून ‘आपणांस किती ताण जाणवतो’ असे विचारणे, आणि ती माहिती आज सायंकाळपर्यंत भरण्याची ताकीद देणे, हा मार्ग आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. ज्या प्रश्नावलीची उत्तरे वरिष्ठांच्या दप्तरी जाणार, तीत बदलीकडे डोळे लावून बसलेला कोणता शिक्षक आपली खरी कैफियत मांडील?

द्विशिक्षकी शाळेतील एक सकाळ पाहा. गुरुजींनी तिसरीसाठी फळ्यावर भागाकार अर्धा मांडलेला असतो, चौथीची मुले त्याच खोलीत पाढे लिहीत असतात. तोच पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यावा लागतो, जेवणाऱ्या मुलांचा आकडा ॲपवर चढवावा लागतो, आधार कार्डावरचे नाव यू-डायस या सरकारी शालेय माहितीप्रणालीतील नोंदीशी जुळत नाही म्हणून एका मुलीच्या वडिलांना फोन करावा लागतो, आणि बीएलओचे, म्हणजे मतदारयादीचे, काम तुंबल्याचा तहसीलीतला निरोप वाचावा लागतो. भागाकार तसाच राहतो. त्या गुरुजींना रात्री जी खंत जाळते, ती पाच गुणांच्या मोजपट्टीत मावणारी नाही. तिचे कारण मात्र घड्याळाने मोजता येते.

ते मोजण्याचे माप कायद्यानेच दिले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास ठरवले व त्यांतच पाठाच्या तयारीचा वेळ धरला. आणि त्याच्या २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामी शिक्षकाची नेमणूक निषिद्ध केली. त्या तासांतील किती वेळ आज मुलांच्या वाट्यास येतो, याचा हिशेब सरकारने आधी द्यावा.

म्हणून आमची मागणी अशी की, जी कचेरी शाळेकडून माहिती मागवील, तिनेच त्या कामास लागणाऱ्या वेळेचा अंदाज आपल्या हुकमावर नमूद करावा. त्या तासांची बेरीज पालकांनी ठेवावी, कारण शिक्षकाच्या माथी आणखी एक नोंदवही मारणे हा अन्यायच ठरेल, आणि समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे कायदाच सांगतो. येत्या मासिक सभेत हा ठराव मांडा, आणि मंजूर होताच त्याची नक्कल गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत दाखल करून तिची पोहोच घ्या.