चौदा फेऱ्या

शौर्याच्या गोष्टी आपल्या भागाला नव्या नाहीत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि आसपासच्या गावांत गल्लीगणिक एखादा माजी सैनिक भेटतोच. अशा गोष्टींत शत्रूचे किती मारले, हे हटकून सांगितले जाते. एड फ्रीमन हा अमेरिकन वैमानिक मला मोठा वाटतो तो त्याने किती जणांना परत आणले यासाठी.

१४ नोव्हेंबर १९६५. व्हिएतनाममधील इया द्रांग खोरे. लेफ्टनंट कर्नल हॅल मूर यांची पलटण हेलिकॉप्टरने जंगलातल्या मोकळ्या जागेत उतरली आणि थोड्याच वेळात उत्तर व्हिएतनामी सैन्याशी तिची जुंपली. मारा इतका, की ती जागा हेलिकॉप्टरांसाठी बंद करावी लागली. जखमी वाहून नेणाऱ्या हेलिकॉप्टरांनीही उतरण्यास नकार दिला. दारूगोळा, पाणी संपत आले होते.

तेव्हा मेजर ब्रूस क्रॅन्डल आणि कॅप्टन फ्रीमन आपणहून निघाले. हेलिकॉप्टरवर शस्त्र नाही. जाताना दारूगोळा, पाणी, औषधे न्यायची. येताना जखमी आणायचे. उतरायची जागा मोर्चापासून जेमतेम शे-दोनशे मीटरवर. जखमींसाठी एकट्या फ्रीमन यांनी चौदा फेऱ्या केल्या आणि सुमारे तीस गंभीर जखमींना बाहेर काढले.

मला विचारात पाडते ती दुसरी फेरी. पहिल्यांदा माणूस आवेशात जाईलही. पण तिथले सगळे डोळ्यांनी पाहून, जखमी उतरवून पुन्हा तिकडेच वळायचे, तेही तेरा वेळा!

हा सहा फूट चार इंचांचा माणूस. जास्त उंचीमुळे त्याला आधी वैमानिक होता येत नव्हते. उंचीची मर्यादा वाढल्यावरच त्याची वर्णी लागली. मित्रांनी ठेवलेले 'टू टॉल' हे नाव मात्र कायमचे चिकटले.

ते युद्ध योग्य होते का, यावर अमेरिकेतही खूप वाद झाले. जखमी जवानाला त्या वादाचे काय? त्याला पंख्याचा आवाज ऐकू यायला हवा होता.

अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक 'मेडल ऑफ ऑनर' फ्रीमन यांना १६ जुलै २००१ रोजी, म्हणजे पस्तीस वर्षे उलटून गेल्यावर मिळाले. क्रॅन्डल यांना २००७ साली. २००८ मध्ये फ्रीमन गेले.

वाचकहो, ओळखीच्या माजी सैनिकाला कधी पदकांविषयी न विचारता एवढेच विचारा : तुम्हाला परत कोणी आणले? ते नाव तो विसरलेला नसेल.